घाटात टर्बो गायब होतो. खरंच टर्बो गेलाय की एखादी नळी फुटलीय?

रोपवाली_लिंब
सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी.

माझी नर्सरी आहे, साताऱ्याजवळ लिंबला. बारा मोटेची विहीर बघायला येणारी माणसं जाताना दोन गुलाब घेऊन जातात, पण त्यावर घर चालत नाही. घर चालतं पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांच्या बागांवर. आठवड्यातून दोन फेऱ्या वर असतात. गाडी २०१३ची, २.२ लिटर डिझेल, व्हीजीटी टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आतली पाती हलणारी), १ लाख ६२ हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागे इथे एकाने लिहिलं होतं, तर उत्तर राहिलं बाजूला आणि कुठली गाडी भारी यावर चार पानं भांडण झालं.

मागची सीट पाडली की तीनेकशे पिशव्या बसतात. सकाळी निघाले की पाचवड, वाई इथपर्यंत गाडी अगदी शहाणी. पसरणी घाट लागला आणि चार-पाच वळणं झाली की कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी होते. पेडल तळाला टेकलेलं, आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा दोन हजाराच्या पुढे सरकत नाही, टर्बोची ती बारीक शिट्टी असते ती बंद, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा. परवा मी दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढत होते आणि एसटी मला मागे टाकून गेली. कंडक्टरने खिडकीतून वळून बघितलं, ते जास्त लागलं.

कडेला घेऊन बंद केली, पाच मिनिटांनी परत चालू केली की गाडी पूर्ववत. दोन-तीन किलोमीटर. मग परत तेच. पुण्याहून येताना खंबाटकी घाटातही एकदा झालं. जाताना बोगदा असतो, चढ कमी, तेव्हा काही नाही.

तीन गॅरेज झाली. पहिल्याने दोन्ही फिल्टर बदलले. दुसऱ्याने ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) साफ केला, ४,५०० रुपये. गाडी दोन दिवस बरी वाटली, कदाचित मलाच बरं वाटत होतं. तिसऱ्याने स्कॅनर लावला, पी०२९९ कोड आला, आणि तो म्हणाला टर्बो गेला. रिकंडिशन्ड बसवून ३४,०००. वर म्हणाला, "वहिनी, साहेबांना पाठवून द्या, त्यांना नीट समजावून सांगतो." साहेब बँकेत आहेत. त्यांना बॉनेटचा खटका कुठे आहे हे अजून माहीत नाही.

तर प्रश्न असा : टर्बो खरंच गेला आहे का, हे घरी तपासता येतं का? पाने-पक्कड आहेत, मोटारीचं फिटिंग आणि ड्रिपची सगळी कामं मी स्वतः करते. आणि एक, इंजिन चालू असताना बॉनेटखाली एका बाजूने "सुंऽ सुंऽ" असा बारीक आवाज येतो. तो आधी होता का, हे आता आठवत नाही.

---

घाटातला
सोमवार, रात्री ९.३२

टर्बो बदलू नका, एवढंच आधी लिहून ठेवतो.

पी०२९९ म्हणजे गाडीच्या संगणकाने जेवढा दाब मागितला तेवढा मिळाला नाही. का मिळाला नाही, ते तो सांगत नाही. परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून डोकंच बदला, असं झालं हे.

चार गोष्टी सांगा : निळा किंवा काळा धूर? इंजिन ऑइल कमी होतंय? टर्बोचा घासल्यासारखा, किंचाळल्यासारखा आवाज? आणि ब्रेकचं पेडल कधी लाकडासारखं कडक होतं का?

---

नुसतंच_वाचतो
सोमवार, रात्री ९.४०

१३ची डिझेल? विकून टाका आणि सीएनजी घ्या. डोक्याचा ताप जाईल.

---

रोपवाली_लिंब
सोमवार, रात्री ९.५५

@नुसतंच_वाचतो : सीएनजीची टाकी डिकीत बसते. मग रोपं टपावर बांधू का?

@घाटातला : निळा धूर नाही. दम सुटतो त्या क्षणी जरासा काळा येतो, मग तोही थांबतो. ऑइल कमी होत नाही, दर महिन्याला काडी काढून बघते. घासल्याचा आवाज नाही. ब्रेक लोण्यासारखा आहे, घाट उतरतानाही.

---

जुनी_लालपरी
सोमवार, रात्री ११.२०

ताई, मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं काढली, आता घरी बसून दुसऱ्यांच्या गाड्यांची काळजी करतो. तुम्ही शेवटी लिहिलं की ब्रेक लोण्यासारखा आहे, त्यातच अर्धं उत्तर आलं.

तुमच्या विहिरीवर मोटार आहे, म्हणजे हे लगेच कळेल. डिलिव्हरीचा पाइप फुटला तर पाण्याचा फवारा उडतो, लांबून दिसतं. सक्शनच्या पाइपाला बारीक भेग पडली तर थेंबही गळत नाही. उलट तिथून हवा आत जाते, पंप हवा धरतो आणि पाणी सोडतो. आपण मग मोटार उघडून बसतो, इंपेलर बघतो, वायंडिंगवर संशय घेतो, आणि खराबी असते चार आण्याच्या जॉइंटात. तुमच्या गाडीत टर्बो म्हणजे मोटार समजा. खराबी बहुधा सक्शनला आहे.

आता गाडीतली व्यवस्था. डिझेलच्या इंजिनाला पेट्रोलसारखा आपोआप व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून इंजिनावर चालणारा वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. त्याचा जाड पाइप ब्रेकच्या बूस्टरला (पेडल हलकं करणाऱ्या डब्याला) जातो. त्यात एकदिशा व्हॉल्व्ह असतो, तुमच्या फूटव्हॉल्व्हचा भाऊ. त्याच पंपावरून एक बारीक फाटा निघतो आणि एका सोलेनॉइडला जातो, मॉड्युलेटर म्हणतात त्याला. तिथून बारीक नळी टर्बोच्या बाजूला पत्र्याची डबी असते तिला. डबीत रबराचा पडदा, पडद्याला दांडी. व्हॅक्यूमने पडदा ओढला की दांडी सरकते, टर्बोच्या आतली पाती मिटतात, वाट अरुंद होते आणि धूर पंख्यावर जोरात आदळतो. कमी आरपीएमला, चढावर, भरल्या गाडीत हीच पाती मिटलेली लागतात. नळीतून व्हॅक्यूम निसटला तर पाती उघडीच राहतात, टर्बो फिरतो पण दाब बनत नाही. संगणक थोडा वेळ वाट बघतो, मग दिवा लावतो आणि डिझेल कापतो. बंद करून चालू केलं की तो परत पहिल्यापासून मोजायला लागतो, म्हणून तुमची गाडी पाच मिनिटांत शहाणी होते.

ब्रेक चांगला आहे म्हणजे पंप चांगला आहे. उरल्या तीन गोष्टी : बारीक नळ्या, मॉड्युलेटर, नाहीतर काजळीने टर्बोची पाती जाम. याच क्रमाने बघायचं, कारण खर्चही याच क्रमाने वाढतो.

उद्या मेडिकलमधून ६० मिलीची सिरिंज आणा, सुई नको. इंजिन पूर्ण गार असताना, बंद असताना :

डबीवरची नळी काढा. सरळ ओढू नका, तेल संपलेल्या बाटलीचं बूच काढतो तशी पिळत पिळत काढा, नाहीतर प्लॅस्टिकचं तोंड मोडेल. त्या तोंडाला कुठल्याही मऊ नळीचा तुकडा लावून सिरिंज जोडा आणि दट्ट्या ओढा. दांडी साधारण सेंटिमीटरभर सरकली पाहिजे, अडखळत नाही, गुळगुळीत. एका ओढीत पुरलं नाही तर नळी चिमटीत दाबून धरा, सिरिंज रिकामी करा, परत ओढा. मग नळी चिमटीत तशीच धरून ठेवा आणि साठ आकडे मोजा. दांडी जागेवर राहिली तर पडदा शाबूत आणि पातीही मोकळी. म्हणजे टर्बो शाबूत.

मग काढलेली नळी तपासा. एका टोकाला अंगठा दाबा, दुसऱ्या टोकाला सिरिंज लावून दट्ट्या ओढा आणि सोडा. नळी चांगली असेल तर दट्ट्या झटक्यात मागे जातो. ओढला तिथेच रेंगाळला तर नळी हवा घेते. असा एकेक तुकडा तपासायचा, आणि तपासताना नळी वाकवायची, पिळायची. सरळ नळी खोटं बोलते.

त्या सुंऽ सुंऽ आवाजाचं : मॉड्युलेटरला तीन वाटा असतात. एक पंपाकडून, एक डबीकडे, आणि तिसरी मोकळ्या हवेत, तिच्या तोंडावर छोटा फोमचा फिल्टर. तो तिथून श्वास घेतो, थोडा आवाज येणारच. फिल्टर धुळीने भरला असेल तर मात्र साफ करा, तुमच्याकडे मातीत काम.

आणि इंजिन चालू असताना हात घालायचाच झाला तर ओढणी, बाह्या, गळ्यातलं, काही लोंबतं ठेवू नका. पंख्याच्या पट्ट्याला माणूस ओळखता येत नाही.

---

टर्बोपेट्रोल_कराड
मंगळवार, सकाळी ७.१५

काका, छान लिहिलंत. माझी १.२ टर्बो पेट्रोल आहे, मला उलटाच त्रास होता. उभी असताना आरपीएम वरखाली आणि पी०१७१ कोड (हवा जास्त, पेट्रोल कमी). इनटेकच्या मागची एक नळी चिरली होती. मी उदबत्ती पेटवून नळ्यांजवळून फिरवली, धूर जिथे आत ओढला गेला तिथेच चीर. ताई, तुम्हीही करून बघा.

---

घाटातला
मंगळवार, सकाळी ७.५०

पेट्रोलच्या गाडीत बॉनेटखाली उदबत्ती? तुमची देवावर श्रद्धा मोठी आहे. कृपा करून परत करू नका आणि कुणाला सांगूही नका. नळ्यांवर कार्ब क्लीनर मारून बघणारेही असतात, तेही नको. टर्बो तापलेला असेल तर भडका उडतो.

फरक एवढाच सांगतो. पेट्रोलमध्ये गाडी उभी असताना मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा पाइप) ओढतो आणि टर्बो भरला की तोच मॅनिफोल्ड ढकलतो. एकाच नळीला दोन्ही सोसावं लागतं, म्हणून तिथे क्लिप लागतेच, नाहीतर पहिल्याच चढाला नळी उडते. दाबाच्या बाजूची गळती साबणाच्या पाण्याने शोधायची, बुडबुडे येतात. आणि वेस्टगेट (दाब जास्त झाला की धूर बाजूने सोडणारी झडप) असलेल्या टर्बोत डबीकडे जाणारी दाबाची नळी फुटली तर दाब कमी होत नाही, उलट वाढत जातो, कारण वेस्टगेटला उघडायचा निरोपच पोचत नाही. म्हणून "नळी फुटली, दम गेला" हे सगळ्या गाड्यांना लागू नाही. ताईंच्या गाडीला आहे.

---

रोपवाली_लिंब
बुधवार, रात्री ८.४५

सापडली!!

सविस्तर लिहिते, कारण घरात ऐकायला कुणी तयार नाही.

काल मेडिकलवाल्याने विचारलं, सिरिंज कुणाला? म्हटलं, गाडीला. तो हसला, मी नाही हसले. आज दुपारी चारनंतर गाडी शेडनेटखाली घेतली, बॉनेट उघडून तासभर गार होऊ दिली. ओढणी नव्हती काका, कामाला टी-शर्टच असतो, पण मंगळसूत्र काढून खिशात ठेवलं.

डबी सापडायलाच वीस मिनिटं गेली. वरून दिसत नाही, टर्बोच्या पोटाखाली आहे. मोबाइल खाली धरून फोटो काढला तेव्हा दांडी दिसली. नळी पिळत पिळत काढली. सिरिंजला फवारणी पंपाच्या नळीचा तुकडा लावला आणि ओढलं. दांडी सरकली! अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. दारावरची कडी सरकते तशी, न अडखळता. नळी चिमटीत धरून मी साठऐवजी शंभर मोजले. हलली नाही. ३४,००० रुपये त्या शंभर आकड्यांत वाचले.

मग नळी. दिसायला काळी, ठणठणीत, वरून कापडाची वीण. अंगठा लावून ओढलं तर दट्ट्या परत गेला. अगदी पूर्ण नाही, पण गेला. वाटलं, ही नव्हेच. मग काकांचं वाक्य आठवलं, सरळ नळी खोटं बोलते. डबीकडचं टोक खाली वाकवलं, परत ओढलं, आणि दट्ट्या जिथे सोडला तिथेच बसला.

टोक उजेडात धरून वाकवलं तर खालच्या अंगाला चीर उघडली. भरल्या वांग्याला देतो तशी, सरळ, लांबीच्या रेषेत, दीड सेंटिमीटरची. वाकवलं की तोंड उघडतं, सोडलं की मिटतं, आणि मिटल्यावर त्या विणीत शोधूनही सापडत नाही. नखाने दाबलं तर रबर मऊ नव्हतंच, जुन्या चपलेच्या अंगठ्यासारखं वाळलेलं. बाकीची नळी बरी, फक्त टर्बोजवळची तीन-चार बोटं भाजल्यासारखी. सकाळी गार असताना ही चीर मिटून राहत असणार, आणि घाटात इंजिन तापलं, रबर सैल पडलं की उघडत असणार.

ड्रिपमध्ये माझी सवय अशी की लॅटरलला (ड्रिपच्या नळीला) खारीने दात मारले की खाली ओल दिसते. ओल दिसली की भोक सापडतं. इथे ओल नाही, डाग नाही, काही नाही. तीन गॅरेजवाल्यांना दिसलं नाही याचं मला आता एवढं वाईट वाटत नाही. त्यांनी बघितलंच नाही, त्याचं वाटतं.

आता जुगाड. आधी कलम बांधायची पट्टी ताणून गुंडाळली. तेलकट रबरावर ती टिकली नाही, दट्ट्या मागे जाईना. मग चिरलेलं टोक कापलं, तर उरलेली नळी डबीपर्यंत पोचेना, चार बोटं कमी. शेवटी ड्रिपच्या मायक्रोट्यूबचा (बारीक प्लॅस्टिक नळीचा) जॉइनर आणि बोटभर मायक्रोट्यूब मध्ये घातली. माप असं बसलं की जणू त्यासाठीच केलंय. सिरिंजने तपासलं, पक्कं. मोकळीच गाडी घेऊन यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेने जाऊन आले. शिट्टी परत आली!! तिसऱ्या गिअरमध्ये खेचत होती.

हेच राहू दिलं तर चालेल ना? शुक्रवारी पाचगणीची ऑर्डर आहे.

---

जुनी_लालपरी
बुधवार, रात्री १०.०५

शाब्बास. एक नंबर. आता रागावतो.

मायक्रोट्यूब काढा. ते पॉलिथिन आहे, उन्हाला टिकतं, टर्बोच्या शेजारी नाही. तापलं की मऊ होतं, आणि आतून ओढलं जातंय हे विसरू नका. दाबाची नळी मऊ झाली तर फुगते, व्हॅक्यूमची नळी मऊ झाली की चपटी होते आणि वाट बंद. उद्या उजेडात बघा, आत्ताच चपटायला लागली असेल. मोकळ्या गाडीने यवतेश्वर चढणं वेगळं आणि तीनशे पिशव्या घेऊन पसरणी वेगळं.

जाड भिंतीची सिलिकॉन व्हॅक्यूम नळी आणा. पातळ भिंतीची, माशांच्या टाकीला लावतात तशली नको, तीही चपटते. मापासाठी जुन्या नळीचं टोक मोजू नका, ते ताणून मोठं झालेलं असतं. मधला तुकडा कापून मोजा. भोक तोंडापेक्षा किंचित लहान हवं, नळी जोर लावूनच चढली पाहिजे. थुंकी किंवा पाणी लावा, ग्रीस नको.

एक बारकावा. सिलिकॉनला उष्णता सोसते, तेल सोसत नाही, फुगतं. म्हणून डबीकडच्या तुकड्याला सिलिकॉन चांगलं. पंपाजवळच्या तुकड्यात तेलाची वाफ येते, तिथे कंपनीची कापडी विणीचीच किंवा तेलाला चालणारी रबरी नळी घाला. दुकानदार म्हणेल सगळीकडे एकच लावा. तो सहा महिन्यांनी तुमच्यासोबत घाटात नसेल.

सगळे तुकडे एकदमच बदला. एक पिकला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे. पण एका वेळी एकच काढायचा, तो बसवल्यावर दुसरा. मॉड्युलेटरवर दोन नळ्यांची अदलाबदल झाली तर नव्या नळ्या घालूनही तेच दुखणं, आणि मग माणूस वेडा होतो. मी झालोय.

प्लॅस्टिकचा टाय करकचून आवळू नका, सिलिकॉनला एक कात्रण बसलं की ते पुढे फाटत जातं. स्प्रिंगची छोटी क्लिप पुरते. नळी एक्झॉस्टला टेकणार नाही अशी वळवा, आणि इंजिन हलतं तेवढी थोडी ढील ठेवा. तुमची जुनी नळी बहुतेक ताणामुळेच टोकाला फाटली.

---

रोपवाली_लिंब
गुरुवार, दुपारी १.३०

सकाळी बघितलं. मायक्रोट्यूब चरकातून निघालेल्या चिपाडासारखी. एका फेरीत. नमस्कार घ्या काका.

मोजायला कॅलिपर नव्हता. ड्रिलचे बिट एकेक करून नळीच्या मधल्या तुकड्यात घालून बघितले, ४ एमएमचा बरोबर बसला. आता पोवई नाक्याकडे निघाले.

---

रोपवाली_लिंब
रविवार, सायंकाळी ६.२०

काम झालं, उरलेलं लिहून टाकते.

साताऱ्यात पहिल्या दोन दुकानांत सिलिकॉन म्हटलं की गॅस्केट लावायची ट्यूबच पुढे करत होते. तिसऱ्यात मिळाली, ४ एमएम, काळी, भिंत चांगली जाड, १८० रुपये मीटर. दोन मीटर घेतली, उरली तर उरली. पंपाकडच्या तुकड्यासाठी विणीची रबरी मीटरभर, १२० रुपये. क्लिपा सहा, ६० रुपये. सिरिंज धरून सगळे मिळून सहाशेच्या आत.

नळ्यांना खूण म्हणून कलमाची पट्टी शेवटी उपयोगी पडली. पंपाकडची लाल, डबीकडची हिरवी. मॉड्युलेटरचा फोम काढला तर त्यात चक्क कोकोपीट! धुऊन, वाळवून परत बसवला.

एकाच जागी हात अडला. डबीवर नळी चढवायला आतमध्ये दोनच बोटं जातात, आणि जोर लावायला जागा नाही. नळीचं टोक गरम पाण्यात बुडवून नेलं, तरी नाही. शेवटी गाडीखाली आडवी झाले, एका हाताने डबी धरली आणि दुसऱ्याने नळी पिळत वर ढकलली. खट असा आवाज नाही येत, नुसतं बोटाला कळतं की ती बसली. कोपर भाजलं नाही कारण गाडी गार होती. मुलगी टॉर्च धरून उभी होती आणि दर मिनिटाला विचारत होती, "झालं?"

स्कॅनरवरचा कोड पुसायला तिसऱ्याच गॅरेजला गेले. ते गॅरेजवाले नव्हते, त्यांचा पोरगा होता. त्याने कोड पुसला, शंभर रुपये घेतले, आणि बॉनेटमध्ये वाकून नव्या नळ्या बघत विचारलं, कुठल्या गॅरेजला केलं? म्हटलं, लिंबला. तो म्हणाला, लिंबला गॅरेज आहे होय?

शुक्रवारी भरून गेले. जास्वंद, हायड्रेंजिया आणि वर सहा मोठ्या कुंड्या. पसरणीत पहिलं वळण, पाचवं, मंदिराजवळचं, सगळी तिसऱ्या गिअरमध्ये. दांडेघर नाक्यापर्यंत दिवा लागला नाही. आज परत जाऊन आले, तीच गत. वर गेल्यावर एक मात्र वाटलं, पाचगणीत गाडी खालच्यापेक्षा जरा सुस्त. हे माझ्या मनाचे खेळ का?

---

जुनी_लालपरी
रविवार, रात्री ९.००

मनाचे नाहीत, हवेचे. वाईपेक्षा पाचगणी कितीतरी उंच, हवा विरळ. टर्बो ते बरंच भरून काढतो, पण सगळं नाही. व्हॅक्यूमचंही तसंच. तो म्हणजे शेवटी बाहेरच्या हवेचाच दाब. वर गेल्यावर दर हजार फुटाला मीटरवर साधारण एक इंच पारा कमी दिसतो. कधी महाबळेश्वरात कुणी मीटर लावून "पंप कमजोर आहे" म्हणालं तर घाबरू नका, आधी त्याला विचारा मीटर कुठल्या गावात शिकला.

ड्रायव्हिंगच्या सीटखाली उरलेली नळी आणि तो ड्रिपचा जॉइनर ठेवून द्या. घाटात अडकलात तर घरी पोचण्यापुरता जॉइनर चालतो, दोन्ही बाजूंना सिलिकॉन असेल तर.

---

टर्बोपेट्रोल_कराड
रविवार, रात्री ९.२५

उदबत्तीबद्दल माफी. क्लिपा लावून घेतल्या.

---

नुसतंच_वाचतो
रविवार, रात्री ११.४०

ताई, ते ४ एमएम आतून की बाहेरून?

---

रोपवाली_लिंब
सोमवार, सकाळी ६.०५

आतून. तुमची गाडी कुठली?

---

नुसतंच_वाचतो
सोमवार, सकाळी ६.१२

१२ची डिझेल.